उन्हं कलतात तिकडे समुद्र

चेन्नईला जायचं ठरलं तेव्हा सवयीप्रमाणे मी तीन याद्या केल्या. एक सामानाची, एक नानांच्या औषधांची आणि एक बघायच्या ठिकाणांची, जी ताईंनी फोनवर सांगितली होती. पहिल्या दोन शेवटपर्यंत पाळल्या. तिसरीतलं पहिल्या दिवशी जेवढं झालं तेवढंच. त्या शहराबद्दल मला जे सांगायचं आहे ते तिच्यात नव्हतंच.

नाना म्हणजे माझे सासरे आणि ताई म्हणजे थोरली नणंद. डहाणूला नरपडच्या अंगाला आमची चिकूची वाडी आहे. सासूबाई गेल्यानंतरचा तो पहिला श्रावण. त्याआधी नाना विहिरीपाशी शेवाळावरून घसरले होते. हाड मोडलं नाही, पण ती बातमी ताईंपर्यंत गेली आणि त्यांनी धरूनच ठेवलं, नानांनी आता कायमचं आमच्याकडे चेन्नईला यावं. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे, पावसाची चिकचिक नाही. सगळं खरं होतं. माझ्या नवऱ्याला बहिणीला नाही म्हणता येईना. तो मला म्हणाला, "तू घेऊन जा. चार दिवस राहू देत. आणि घेऊन ये." 'घेऊन ये' त्याने दोनदा सांगितलं. मी परतीची तिकिटं दोघांची काढली.

मला नानांना परत आणायचंच होतं. सकाळी तलासरीकडचे चिकू तोडणारे जीपमधून उतरले की आज झाडांच्या कुठल्या रांगांना हात घालायचा हे नाना सांगतात. चिकू झाडावर वर्षभर एकाच रंगाचा दिसतो. तो तयार आहे की नाही हे कळायला फळावरची भुकटी अंगठ्याने पुसायची आणि नखाने हलका ओरखडा काढायचा. आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळसर दिसलं तर काढायचा. नाना काठी टेकत प्रत्येक झाडाखाली उभे राहतात, हाताशी येईल त्या फळाला नख लावतात, आणि मी मागून रांगा लिहून घेत जाते. सासूबाई गेल्यावरही हे थांबलं नाही. बाकीचं बोलणं थांबलं होतं, एवढंच उरलं होतं. म्हणून मला भीती वाटत होती. वाडी काढून घेतली तर हेही जाईल.

निघताना नानांनी चिकूची एक पेटी बरोबर घेतली. पावसाळी फळ, गोडीला जरा कमी, पण लेकीकडे रिकाम्या हाताने कसं जाणार? कच्चेच भरले होते, पोचून दोनतीन दिवसांत पिकतील अशा हिशेबाने.

ताईंचं घर तिरुवान्मियूरला, समुद्रापासून एक गल्ली आत. पहिल्या दिवशी ताईंनी गाडी ठरवून आम्हाला मरीना किनारा दाखवला, मग संग्रहालय. मरीनावर नाना म्हणाले, "वाळू पुष्कळ आहे." संग्रहालयात बाकावर बसून झोपले. ताई हिरमुसल्या. त्यांनी जेवायला कुठल्याशा प्रसिद्ध जागी नेलं, तिथे नानांनी भात मागितला आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घराजवळच्या किनाऱ्यावर नेलं. कोळ्यांच्या रंगीत होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, बायका जाळ्यातून मासळी सोडवत बसलेल्या. आमच्या शेजारच्या धाकटी डहाणू गावाच्या बंदरावर उभं राहिल्यासारखंच वाटावं, फक्त आमच्या होड्या खाडीत असतात. नानांनी डोळ्यांवर हात धरला. सूर्य पाण्यातून वर आलेला होता.

"हे उलटं आहे," ते म्हणाले.

"नाना, पूर्वेचा समुद्र आहे हा. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत असणं वेगळं, बाय."

आमच्याकडे दिशा अशा नसतातच. समुद्र मावळतीला, डोंगर उगवतीला, सुरत वर आणि मुंबई खाली. माझी मुलं लहान असताना नानांनी त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. कुठेही वाट चुकलात तर घाबरायचं नाही. उन्हं कलतात तिकडे समुद्र, समुद्राकडे चाललं की घर.

गाडीत बसून काही बघायला नाना तयार होईनात, तेव्हा मी यादी बाजूला ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना घेऊन गल्ल्यांत हिंडू लागले. भाजी आणायला, दूध आणायला, काही नाही तर उगाच. आणि ते शहर मला तिथे भेटलं. दारासमोर सडा टाकून बायका वाकून रांगोळी काढत, ठिपक्यांभोवती एक न तुटणारी रेघ. हातगाडीवर कोळशाची इस्त्री घेऊन एक माणूस शर्टांच्या चळतीमागे उभा असे. फुलवाली गजरा हाताने मोजत असे, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि गिऱ्हाईक आवडीचं असलं की कोपर जरा मागे सरकवत असे. कॉफीवाला पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उंचावरून धार सोडे की नाना थांबून बघत. बोलत काही नसत, पण थांबत. मी ते मनात टिपून ठेवलं.

ताईंना ते आवडत नव्हतं. एके सकाळी त्या म्हणाल्याच, "वहिनी, एवढ्या लांब आणून तू त्यांना भाजी बाजार दाखवते?"

"त्यांना तोच आवडतो, ताई."

"त्यांना काय आवडतं ते मला सांगू नको. बाप माझा आहे."

मी भाजी निवडायला घेतली.

त्याच दिवशी दुपारी आम्हा दोघींचा डोळा लागला. उठले तर नानांची चप्पल जागेवर नव्हती. टोपीही नव्हती. फोन भिंतीला चार्जिंगला लावलेला. खाली वॉचमनने ताईंना सांगितलं की बराच वेळ झाला, कुठे वळले ते पाहिलं नाही.

"समुद्रावर गेले असतील. दुसरीकडे कुठे जाणार?" ताई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी तिकडे पळालो. होड्या होत्या, जाळी होती, पोरं क्रिकेट खेळत होती. नाना नव्हते. ताई एकेका होडीच्या मागे जाऊन बघू लागल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

मी पाण्याकडे चालत होते आणि माझी सावली माझ्यापुढे चालली होती. लांब, पाण्याच्या दिशेने. मी थांबले. आमच्याकडे संध्याकाळी समुद्राकडे जाताना सावली मागे असते, डोळ्यांवर ऊन येतं. मी वळून बघितलं. ऊन शहरावर होतं, इमारतींच्या मागे, पार आतल्या बाजूला.

"ताई, नाना इकडे नाहीत. ते उन्हाकडे गेलेत."

"कशाला?"

"समुद्राकडे यायला."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? समुद्र हा काय."

"तुमच्यासाठी. ते गल्लीत कुठेतरी वाट चुकले असणार. मग वर बघितलं असणार."

ताई किनारा सोडायला तयार नव्हत्या आणि मीही त्यांना आग्रह केला नाही, माझंच चुकत असेल तर? त्यांनी होड्यांच्या बाजूला शोधायचं आणि मी आत जायचं, असं ठरलं.

उन्हाच्या तिरपीकडे तोंड करून मी चालू लागले. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. पण नानांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, आणि त्या भागात तशी टोपी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर मी पाहिली नव्हती. डोक्यावर दोन्ही हातांनी टोपीचा आकार करायचा, मग काठी टेकल्यासारखं करायचं, एवढीच माझी भाषा. इस्त्रीवाल्याने हातातल्या इस्त्रीनेच पुढे दाखवलं. फुलवालीने गजरा खाली ठेवला, उठली, आणि वळणापर्यंत येऊन कुठली गल्ली ते दाखवून गेली. एका घराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी माझी नक्कल करून मलाच टोपी घालून दाखवली, म्हणजे हीच ना? आणि पुढे बोट केलं. नाही म्हणून कोणी मोकळं झालं नाही. ज्यांनी बघितलं नव्हतं ते शेजारच्याला हाक मारून विचारत होते.

सगळी बोटं एकाच दिशेची होती, आणि मला त्याचंच भय वाटायला लागलं. कारण गल्ली संपली आणि पुढे मोठा रस्ता आला. बसगाड्या, रिक्षा, दोन्हीकडून अखंड. नाना डहाणू स्टेशनबाहेरचा रस्ताही माझा हात धरून ओलांडतात. मी तिथे काठावर उभी राहिले आणि पहिल्यांदा नवऱ्याला काय सांगायचं याचा विचार माझ्या मनात आला. 'घेऊन ये' म्हणाला होता. एका पोस्टमनने माझा चेहरा बघितला असावा. मी डोक्याशी हात नेला, त्याने मान हलवली, सायकल हातात धरून मला पलीकडे आणून सोडलं, आणि देवळाच्या तळ्याकडे बोट दाखवून परत आपल्या बाजूला गेला.

तळ्याच्या कडेने बाजार भरला होता. नाना दिसायच्या आधी मला त्यांचा आवाज ऐकू आला. चढलेला. सासूबाई गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

"मी समुद्रावरचा माणूस आहे. मला शिकवू नको. समुद्र तिकडे."

फळांच्या हातगाडीशेजारी उलट्या क्रेटवर नाना बसले होते. त्यांच्या सदऱ्याची बाही एका धिप्पाड बाईने मुठीत धरली होती. तिच्या खांद्यावर टॉवेल, केसांत मोगरा. नाना मावळतीकडे हात करून मराठीत भांडत होते आणि ती उगवतीकडे हात करून तमिळमध्ये. एकच शब्द दोघांच्या भांडणात सारखा होता. नाना समुद्र म्हणत होते आणि ती समुद्रम् म्हणत होती. नाना उठायला लागले की ती बाही खाली ओढे.

मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आलीस? बरं झालं," नाना म्हणाले. "हिला सांग, समुद्र कुठे आहे."

"नाना, ती बरोबर सांगते. इथे तो उलटा आहे."

त्यांनी उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. "हां," ते हळूच म्हणाले. "हे डोक्यात होतं. पायांत नव्हतं."

शेजारचा शहाळंवाला पूर्वी मुंबईत काम केलेला निघाला. त्याने मोडक्या हिंदीत मला विचारलं, "आपका आदमी है क्या? बहुत झगडा करता है." मग सगळं समजलं. नाना गाडीपाशी आले, चिकू दिसले, आणि एकामागून एक फळाला अंगठा पुसून नख लावत सुटले. पिकलेल्या फळांना. बाईने हातावर चापट मारली. नाना रागावून निघाले ते परत उन्हाच्या दिशेने. तेव्हा तिला शंका आली. तिने विचारलं, कुठे? ते म्हणाले, समुद्र. मग तिने त्यांना धरलं, बसवलं, पाणी दिलं, पेरू कापून दिला, आणि सोडलं नाही. शहाळंवाला म्हणाला, ती म्हणत होती की याला शोधत कोणीतरी येईल, तोवर हा माझ्याकडे.

मी त्या बाईचे दोन्ही हात धरले. तिने माझे हात सोडवून घेतले आणि ओरखडे उठलेले चिकू माझ्या नाकासमोर धरून मला भरपूर बोलून घेतलं. मी मान खाली घालून ऐकलं. मला ते ऐकायला फार बरं वाटत होतं.

"पिकलेल्याला नख लावून काय कळणार होतं, नाना?"

"काही नाही," ते म्हणाले. "हात गेला."

ताईंना फोन केला. त्या रिक्षाने आल्या, उतरताच बापाच्या गळ्यात पडल्या आणि मग त्यांच्यावर भडकल्या. "फोन कशाला घेतलाय तुम्हाला? भिंतीला लटकवायला?"

"तू कशाला रडते? वाट मी चुकलो," नाना म्हणाले. "पेरू खा. चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी कॉफी केली आणि माझ्यासमोर बसल्या. बराच वेळ पेल्याशी खेळत राहिल्या.

"मी पाण्याकडे शोधत होते, वहिनी. आणि तू बरोबर उलटी गेली. मला नसतं सुचलं. कधीच नसतं सुचलं."

"मी रोज त्यांच्या मागून चालते, ताई. त्यात माझं काय कौतुक?"

"तेच म्हणते मी. तुला ते मिळालं." त्यांनी डोळे पुसले. "माझं लग्न होईपर्यंत ते पहाटे वाडीत आणि अंधार पडल्यावर घरात. मला आठवतात ते जेवताना पाठमोरे. म्हणून मी त्यांना मागते ना गं. लिफ्टसाठी नाही."

इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की ताईंना लांबून हुकूम सोडायला आवडतं. त्या सकाळी माझ्या पर्समधली परतीची तिकिटं मला जड वाटू लागली. लक्षात आलं की आम्ही तिघांनी, ताईंनी, नवऱ्याने आणि मी, सगळं आपापसांत ठरवलं होतं. ज्यांचं ठरवत होतो त्यांना कोणीच विचारलं नव्हतं.

विचारायला गेले तर नाना पेटी उघडून बसले होते. चिकू पिकले होते. त्यांनी चांगले निवडून एका पिशवीत भरले. "तिची फळं नासली माझ्यामुळे," ते म्हणाले. "ही देऊन येऊ."

या वेळी आम्ही तिघं गेलो. ताईंनी मोठ्या रस्त्यावर त्यांचा हात धरला. मी मुद्दाम मागे राहिले.

फळवालीने नानांना लांबूनच ओळखलं आणि बाजारभर ऐकू जाईल असं काहीतरी म्हणाली. आजूबाजूचे हसले. "काय म्हणते?" नानांनी विचारलं. ताईंना हसू आवरेना. "म्हणते, समुद्र सापडला का, तात्ता?" तात्ता म्हणजे आजोबा, हे नानांना सांगावं लागलं.

नानांनी पिशवी पुढे केली. तिने एक चिकू काढला, उलटसुलट बघितला. मग नानांच्या डोळ्यांत डोळे घालून त्याची साल अंगठ्याने पुसली आणि त्यावर नखाने लांबलचक ओरखडा काढला. शहाळंवाल्याने कोयता खाली ठेवला, इतका तो हसला. आणि नाना हसले. मी ताईंकडे बघितलं, ताई माझ्याकडे. आम्ही दोघींनीही ते हसणं वर्षभरात ऐकलं नव्हतं.

तिने फळ फोडून खाल्लं, बोटं हलवून गोडी बेताची असल्याचं दाखवलं.

"पावसाळी आहे," नाना ताईंना म्हणाले. "तिला सांग. थंडीत ये म्हणावं, मग दाखवतो. आणि तिला विचार, तिचे हे कुठून येतात? देठाशी असे निमुळते का?"

ताई तमिळमध्ये विचारत होत्या, ती सांगत होती, ताई मराठीत आणत होत्या, आणि नाना पुढचा प्रश्न तयार ठेवत होते. क्रेट उलटा करून तिने त्यांच्यासाठी ठेवला. ताई मधे उभ्या, एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड करत. बापाशी एवढं बोलणं त्यांचं आयुष्यात कधी झालं असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी मी नानांना विचारलंच. "तुम्हाला काय करायचंय? माझ्यासोबत यायचं की राहायचं? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही."

"वाटेल," नाना म्हणाले. "मलाही वाटेल." मग थोड्या वेळाने, "पाऊस आहे तोवर तिथे काय काम आहे मला? घरात बसलो की तुझ्या सासूची खाट दिसते. थंडी पडू दे, मोठी तोड सुरू होऊ दे. मग येतो."

"कायमचं नाही ना?" मी विचारलं.

"वाडी तिथे आहे, बाय."

ताई दारात उभ्या होत्या. मला वाटलं त्या कायमचाच आग्रह धरतील. त्या म्हणाल्या, "थंडीत मीच घेऊन येईन. मलाही तोड बघायचीय. लहानपणी मला कधी वाडीत नेलं नाही त्यांनी." नानांनी टोपी नीट केली.

एक तिकीट रद्द केलं. नवऱ्याला फोन करून सांगितलं, नाना हसले तेही. तो म्हणाला, "हसले? खरंच?" परतीच्या गाडीत माझ्या समोरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मी पिशवीतून ताईंनी दिलेला डबा काढला आणि त्यातलं अर्धं त्या माणसाला दिलं. त्या शहराने मला इतकं दिलं होतं की कोणाला तरी काहीतरी द्यावंसं वाटत होतं.

घरी पोचले तर पाऊस कोसळत होता. आता सकाळी जीप आली की मी नानांना फोन करते. तोडणारे अंगणात उभे असतात.

"नाना, आज कुठल्या रांगा?"

"नख लावून बघ. तुला येतं."

"तुम्ही सांगा तरी."

"विहिरीकडच्या बघ आधी. शेवाळ आहे, जपून जा." मग पलीकडून कोणाची तरी हाक ऐकू येते, मोठी, तमिळमध्ये, आणि ताईंचा आवाज, चला लवकर. "ठेवतो बाय. फळवालीची गाडी गल्लीत आली," नाना म्हणतात, आणि मी हो म्हणायच्या आत फोन ठेवतात.